घबराटीच्या खरेदीस, शिरवळहून

घबराटीच्या खरेदीस,

तुला पत्र लिहावं असं फार दिवस मनात होतं. मार्च 2020 मध्ये तुझ्याबद्दल जे बोललं गेलं, त्यात बहुतेक शिव्याच होत्या. लोक हावरट झाले, अडाण्यासारखे वागले, माणुसकी विसरले, असं टीव्हीवर रोज कानावर पडायचं. आमचं शिरवळमध्ये किराणा दुकान आहे. गल्ल्यावर बसून मी तुला फार जवळून पाहिलं आहे, आणि मला विचारशील तर हावरट हा शब्द तुला लागू पडत नाही. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर हाव नव्हती. आपल्या घरातलं कुणी उपाशी राहील ही धास्ती होती, आणि शेजारच्याने आपल्या आधी पिशवी भरली याची टोचणी होती.

आमचं गाव तुला माहीत आहेच, तरी हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगते. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की सारोळ्याला नीरा नदी ओलांडायची. पूल संपला की सातारा जिल्हा लागतो, आणि लगेच शिरवळ. गाव जुनं आहे, सुभानमंगळ गढीचं, शिवकाळापासून नाव असलेलं. पण आजचं शिरवळ हायवेवर जगतं. खंडाळा तालुक्यातल्या कारखान्यांत कामाला आलेली मुलं इथं खोल्या घेऊन राहतात. कुणी बीड-लातूरकडची, कुणी विदर्भातली, बरीचशी बिहार-उत्तर प्रदेशातली. एका खोलीत चार-पाच जण, एक शेगडी, आठवड्याचा शिधा. गावातल्या जुन्या घरांचं तसं नाही. तिथं अजून कणगी नसली तरी पत्र्याच्या कोठ्या आहेत, आणि मार्च महिना म्हणजे शाळू घरात आलेला, गहू निघायला लागलेला. एकाच गल्लीत ही दोन स्वयंपाकघरं शेजारी शेजारी आहेत. तू आलीस तेव्हा या दोन स्वयंपाकघरांशी तू सारखी वागली नाहीस, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

तू एका रात्रीत आली नाहीस. 9 मार्चला पुण्यात कोरोनाचे राज्यातले पहिले रुग्ण सापडले, तेव्हा इथं फक्त मास्क आणि सॅनिटायझरची विचारणा सुरू झाली. 13 मार्चला केंद्र सरकारने या दोन्ही वस्तू जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणल्या. पुढे 200 मिलीच्या सॅनिटायझरच्या बाटलीला 100 रुपयांची कमाल किंमत ठरली. औषधाच्या दुकानात मात्र त्या किमतीची बाटली दिसत नव्हती. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला. त्याच सुमारास साताऱ्यात जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला एकाच कुटुंबातले चौघे बाधित निघाले. 23 तारखेला राज्यभर संचारबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. आमच्या पुलावर पोलीस उभे राहिले. ज्या पुलावरून रात्रंदिवस ट्रकांची रांग जाते, तो पूल मोकळा पाहिला आणि लोकांच्या पोटात गोळा आला. हायवे बंद, म्हणजे माल बंद, हा हिशोब शिरवळमध्ये शाळकरी पोरालाही करता येतो.

मग 24 मार्चची रात्र. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. दुकानात साखरेच्या गाठी टांगलेल्या, श्रीखंडाचे डबे फ्रीजमध्ये भरलेले. आठ वाजता पंतप्रधानांनी 21 दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. घराबाहेर पडू नका, उंबरठ्यावर लक्ष्मणरेषा आखली आहे असं समजा, हे भाषणात ठसवून सांगितलं गेलं. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील, घाबरू नका, हा खुलासा ठळकपणे आला तो भाषणानंतर. तोवर लोक पायात चप्पल अडकवून निघाले होते. त्या रात्री गाठी कुणी मागितली नाही. आटा, तेल, तूरडाळ, साखर, चहापत्ती, मीठ, बिस्किटं, काडेपेटी. काडेपेटी मागणाऱ्यांमध्ये गॅस असलेलीही माणसं होती. हातात यादी कुणाच्या नव्हती. पुढचा माणूस जे मागे, तेच मागचा मागे. पुढच्याने पाच किलो साखर घेतली की मागच्यालाही आपल्याकडे साखर कमी आहे असं वाटू लागे.

लांबून पाहणाऱ्याला ही गोष्ट समजत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. किराणा दुकानात महिन्याचा माल नसतो. पुण्याच्या मार्केट यार्डातून आणि एजन्सीच्या गाड्यांतून माल येत राहतो, आणि चार-आठ दिवसांच्या खपापुरताच दुकानात राहतो. भांडवल अडकवून ठेवणं छोट्या दुकानदाराला परवडत नाही. समजा, एका दुकानावर 200 घरं आहेत आणि रोज त्यातली 30 घरं काही ना काही नेतात. एका संध्याकाळी 200 घरांपैकी निम्मी जरी आली आणि प्रत्येकाने नेहमीपेक्षा फक्त एक पिशवी जास्त नेली, तरी फळ्या रिकाम्या होतात. कुणीही साठेबाजी केलेली नाही, कुणीही वेडेपणा केलेला नाही, तरीही सकाळी दुकान रिकामं. आणि रिकामी फळी दिसली की तिचा फोटो निघतो. तो फोटो गावच्या, भावकीच्या, कंपनीच्या ग्रुपवर जातो. ज्याच्या घरात महिन्याचा किराणा आहे तोही मग उठतो. तुला वाढायला खरी टंचाई लागत नाही. टंचाई येणार असं बऱ्याच जणांना एकदम वाटलं की पुरे. मग टंचाई आपोआप येते, आणि बघा, मी म्हणालो नव्हतो का, असं म्हणायला जो तो मोकळा.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1948 मध्ये हेच एका बँकेच्या उदाहरणाने मांडलं होतं. बँक भक्कम आहे, पण ती बुडणार अशी आवई उठते. सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला जातात आणि बँक खरोखर बुडते. आम्हाला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांवर आधी 1,000 रुपयांची मर्यादा आली. 5 मार्च 2020 ला येस बँकेवर 50,000 रुपयांची मर्यादा आली. म्हणजे तू किराणा दुकानात आलीस त्याच्या तीनच आठवडे आधी लोकांनी एटीएमपुढच्या रांगा पाहिल्या होत्या, आणि आपलंच असलेलं आपल्याला वेळेवर मिळत नाही हे पाहिलं होतं. त्याही आधी नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी जाहीर झाल्यावर तीनच दिवसांत मीठ संपल्याची अफवा उत्तर भारतातून मुंबईपर्यंत आली. मीठ! गुजरातच्या किनाऱ्यावर डोंगरासारखे ढीग असतात त्याचे. काही ठिकाणी किलोला शेकडो रुपये मोजले गेले. पण त्या माणसांना हसणं मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या खिशातल्या पाचशेच्या नोटेचा एका रात्रीत कागद झाला होता, त्यांना मीठही तसंच नाहीसं होईल असं का वाटू नये?

तुझी मुळं आमच्या भागात त्याहून जुनी आहेत. दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना 1972 च्या दुष्काळाबद्दल विचार. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावरची सुकडी, रॉकेलच्या रांगा. त्या काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे हजारो बायका लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या साठेबाजांच्या गोदामात लपवलेला माल बाहेर काढा हे सांगायला. ज्या पिढीने ते दिवस पाहिले तिने भरलेला डबा पाहिल्याशिवाय झोपायचं नाही हे मुलांना शिकवलं. म्हणून 24 मार्चला सुनेला रेटा देऊन दुकानात पाठवणारी सासू मला चुकीची वाटली नाही. तिला बातमी ऐकू आली नव्हती. तिला 72 साल ऐकू आलं होतं.

आणि तू आमच्याच वाट्याला आलीस असंही नाही. 1973 च्या तेलसंकटात जपान सरकारने कागद जपून वापरा असं आवाहन केलं आणि ओसाकाजवळच्या सेन्री वसाहतीत बायकांनी टॉयलेट पेपरसाठी झुंबड उडवली. तिथून ती लाट देशभर पसरली. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत त्याच कागदावरून मारामाऱ्या झाल्या. इथल्या लोकांना ती चित्रं पाहून नवल वाटायचं. पण त्यांचा टॉयलेट पेपर आणि आमचा आटा यांत मनाच्या हिशोबाने फरक नाही. रोग डोळ्यांना दिसत नाही, औषध नाही, लस नाही, कोण बाधित आहे कळत नाही. अशा वेळी माणसाला हाताने करण्यासारखं काहीतरी हवं असतं. पिशवी भरून घरी आणणं हे एकच काम तेव्हा हातात होतं. बापाला वाटायचं, मी काहीतरी केलं. तू लोकांना इतकी आपली वाटतेस ती त्यामुळेच.

आता माझी तक्रार ऐक.

24 मार्च ही महिन्याची अखेर होती. कंत्राटी कामगारांचा पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेला होतो. ज्यांच्या खात्यात पैसे होते त्यांनी त्या रात्री दोन महिन्यांचं सामान नेलं. खोल्यांतून राहणाऱ्या पोरांच्या खिशात आठवड्यापुरते पैसे होते. ती पोरं गर्दीत मागे उभी राहिली, आणि पुढे पोचली तेव्हा सुटा आटा संपला होता. उरली होती ती महागड्या ब्रँडची पाच किलोची पिशवी. ती परवडत नाही म्हणून त्यांना परत जाताना मी पाहिलं आहे. ज्या घरांत शाळूची पोती होती त्यांनीही आटा नेला होता. तू कुणाला काय द्यायचं हे गरजेवरून ठरवत नाहीस. आधी कोण पोचला आणि रोख कुणाकडे आहे, एवढंच तू पाहतेस. थोड्याच दिवसांत यांतलीच माणसं बोचकी डोक्यावर घेऊन हायवेने चालू लागली. त्यांच्या जाण्याला काम बंद होणं, भाडं, घरची ओढ अशी पुष्कळ कारणं होती. त्यांत दुकानाच्या पायरीवरून रिकाम्या हाताने परत जावं लागणं हेही एक होतं.

अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं की धान्य एकदम नाहीसं झालं म्हणून माणसं मेली नाहीत. भाव चढतील या भीतीने आणि आशेने तांदूळ साठवला गेला, भाव खरोखर चढले, आणि ज्यांना रोजच्या मजुरीतून तांदूळ विकत घ्यावा लागे ते शेतमजूर, कोळी, कारागीर उपाशी मेले. लाखो माणसं. त्या भयानक गोष्टीची 2020 शी बरोबरी करणं बरोबर होणार नाही. पण तू जिथं जिथं जातेस तिथं सगळ्यात आधी रोजंदारीच्या माणसाच्या ताटाला हात घालतेस, हे तेव्हाही खरं होतं आणि शिरवळमध्येही खरं ठरलं.

सगळ्यात जास्त दुःख याचं होतं की धान्य होतं. 1 एप्रिलला केंद्रीय साठ्यात 210 लाख टन गहू-तांदूळ असावा असा नियम आहे. त्या दिवशी गोदामांत त्याच्या दुपटीहून खूप जास्त धान्य होतं. तासगावला द्राक्षाचे घड वेलीवर वाळत होते, व्यापारी फिरकत नव्हता. दुधाला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून राज्य सरकारने रोज 10 लाख लिटर दूध 25 रुपये दराने घेऊन त्याची पावडर करायचं ठरवलं. त्याआधी चिकनमुळे कोरोना होतो या अफवेपायी पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या मातीमोल विकल्या होत्या. म्हणजे एकीकडे लोक दुकान रिकामं करत होते, आणि तिथून काही तासांच्या वाटेवर अन्न सडत होतं. मधला दुवा तुटला होता: ट्रकचा चालक, त्याचा पास, हमाल, ढाबा, पंक्चरवाला. सगळ्या मालाच्या वाहतुकीला मोकळीक आहे हे केंद्राने स्पष्ट करायला 29 मार्च उजाडला. पाच दिवस आमच्या चेकपोस्टवर कुणाला सोडायचं हे तिथल्या हवालदाराने आपल्या अकलेने ठरवलं. त्याच्यावर माझा राग नाही. कागदच स्पष्ट नव्हता.

तुझं सगळ्यात क्रूर रूप मी दुकानात पाहिलं नाही. ते एप्रिल 2021 मध्ये पाहिलं, दुसऱ्या लाटेत. रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी माणसं शिरवळहून पुण्याला, पुण्याहून साताऱ्याला, तिथून कराडला पळत होती. हे औषध जीव वाचवतं असा भक्कम पुरावा नाही, सरसकट वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं. पण चिठ्ठीवर नाव लिहिलेलं असताना आणि बाप ऑक्सिजनवर असताना कोणता मुलगा ते वाचत बसेल? औषधाच्या दुकानांपुढे रात्रभर रांगा लागल्या. केंद्राने 11 एप्रिलला निर्यात थांबवली, किमती खाली आणायला लावल्या, आणि जिल्हा प्रशासनांनी किरकोळ विक्रीऐवजी थेट रुग्णालयांना पुरवठा सुरू केला. तोवर काळ्या बाजारात एका कुपीसाठी दागिने गेले होते. किराण्याच्या वेळी तू निदान पोटाची भीती विकत होतीस. इथं तू आशा विकलीस, आणि ज्यांना ती कुपी मिळाली नाही त्यांच्या मनात कायमची एक सल ठेवून गेलीस: आपण कमी पळालो. माझ्या ओळखीची माणसं अजून ती सल घेऊन जगतात. त्यांना सांगावंसं वाटतं की तुम्ही कमी पडला नाहीत.

तुला आमच्या संस्कृतीत जागा नाही असं काही जण म्हणतात. साठवणं तर आमच्याकडे पूर्वीपासून आहे असं दुसरे म्हणतात. दुसऱ्यांचं बरोबर आहे, पण त्या साठवणीशी तुझं नातं नाही. वर्षाची बेगमी हे उन्हाळ्यातलं काम. गहू-ज्वारी सुगीत घ्यायची, तेव्हा ती बाजारात भरपूर असते आणि भाव उतरलेला असतो. ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायची. कुरडया, सांडगे, पापड चार घरच्या बायकांनी मिळून करायचे. वर्षाचं तिखट एकदम कुटून आणायचं. त्यात कुणाच्या ताटातलं ओढून घेतलेलं नसतं. उलट सुगीत माल उचलला की शेतकऱ्यालाही हातभार लागतो. आणि पावसाळ्यात शेजारीण वाटी घेऊन आली तर त्याच कोठीतून पीठ जायचं. 2020 मध्ये ज्या घरांनी खोल्यांतल्या पोरांना भाकऱ्या करून पाठवल्या, त्यांनी याच कोठ्या उघडल्या. पण भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत कोठी ठेवायला जागा नाही, आणि वर्षाचं धान्य एकदम घ्यायला हातात पैसे नाहीत. बेगमी करा, हा सल्ला तिथं निरुपयोगी आहे. त्या खोल्यांची बेगमी गावानेच करायला हवी.

तू कशाने शांत होतेस हेही मी पाहिलं. घाबरू नका या वाक्याने होत नाहीस. ते ऐकलं की लोक म्हणतात, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. तू शांत होतेस ती नेमक्या माहितीने आणि ठरलेल्या वाट्याने. गॅसची बुकिंगं वाढली तेव्हा कंपनीने दोन बुकिंगांमध्ये किमान 15 दिवसांचं अंतर ठेवलं. ओरड थांबली, कारण शेजाऱ्यालाही दुसरं सिलिंडर मिळणार नाही हे कळलं. आम्ही दुकानात एका घराला दोन किलो साखर आणि पाच किलो आटा असा नियम लावला. पहिल्या दिवशी भांडणं झाली. मग गिऱ्हाइकांनीच तो नियम एकमेकांना सांगायला सुरुवात केली. दुकान रोज किती ते किती उघडं राहणार आणि पुढची गाडी कधी येणार हे फळ्यावर लिहिलं, तशी गर्दी ओसरली. रेशनवर माणशी 5 किलो मोफत धान्य मिळणार ही घोषणा 26 मार्चला झाली, शिवभोजन थाळी दहावरून पाच रुपयांना मिळू लागली. तोवर घरोघरी सामान भरून झालं होतं. हीच घोषणा 24 तारखेच्या भाषणाआधी तासभर झाली असती, तर त्या रात्री तुझी ताकद निम्मी झाली असती असं मला ठामपणे वाटतं. आणि त्या घोषणेतूनही खोल्यांतली बहुतेक पोरं सुटलीच, कारण त्यांचं रेशनकार्ड गावाकडे होतं. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय तेव्हा देशभर पोचलेली नव्हती. आता ती आहे. शिरवळमधल्या किती खोल्यांना ती माहीत आहे, हे विचारत फिरायला हवं.

तू परत येतेस हे मी जाणून आहे. 1 जानेवारी 2024 ला ट्रकचालकांचा संप सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या हायवेवरच्या पंपांवर मोटरसायकलींच्या रांगा लागल्या. ज्यांची टाकी अर्धी भरलेली होती तेही रांगेत होते. रात्री संप मिटला आणि तू निघून गेलीस. पुढच्या वेळी तू कशासाठी येशील, गॅससाठी, पाण्यासाठी की औषधासाठी, ते मला माहीत नाही.

पण तू येशील तेव्हा आधी कुणाकडे जायचं ते मी ठरवलं आहे. आमच्या वहीत खोल्यांच्या चाळींची यादी आहे. कोणत्या चाळीत किती माणसं, त्यांचा मुकादम कोण, पगार कोणत्या तारखेला होतो. त्यांच्यासाठी आट्याचे आणि डाळीचे कट्टे बाजूला काढून ठेवायचे, पैसे पगारानंतर घ्यायचे, आणि ही गोष्ट त्या चाळींना पहिल्याच संध्याकाळी कळवायची. गावातल्या आणखी काही दुकानदारांशी बोलणं झालं आहे. ग्रामपंचायतीने दवंडीच्या गाडीवरून कोणतं दुकान किती वाजेपर्यंत उघडं आणि कुणाला किती मिळणार एवढंच सांगावं, असा अर्जही दिला आहे. त्यावर उत्तर यायचं आहे.

शिरवळ, ता. खंडाळा, जि. सातारा
एक किराणा दुकानदार